सर्व्हरचा पंखा खरंच गेलाय का? नव्याने काम शिकणाऱ्यांसाठी तपासणीचा क्रम

सर्व्हरच्या तोंडावर नारिंगी दिवा लागला आणि लॉगमध्ये ‘फॅन ३ – लोअर क्रिटिकल’ (वेग धोक्याच्या किमान रेषेखाली) अशी ओळ दिसली की नवीन माणूस थेट व्हेंडरला फोन लावतो: ‘एक पंखा पाठवा.’ पुष्कळदा पंखा खरंच गेलेला असतो, त्यामुळे ही सवय खपूनही जाते. पण नवा पंखा बसवल्यावरही दिवा तसाच राहिला, तर ऑफिसात सगळ्यांसमोर पुढचं उत्तर सुचत नाही. म्हणून पंखा मागवण्याआधी करायची तपासणी इथे क्रमाने लिहितो आहे. रॅकमध्ये बसणारे १यू आणि २यू सर्व्हर (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), म्हणजे पतसंस्था, कॉलेज, दवाखाने, छोटे कारखाने यांच्याकडे असतात तसे, डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मदरबोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयएलओ. पंख्यांची देखरेख तोच करतो. त्याला पंखा दिसत नाही आणि हवाही जाणवत नाही. एका वायरवरून येणारे ठोके तो मोजतो, बस्स. ‘पंखा बंद’ या त्याच्या निरोपाचा खरा अर्थ एवढाच की ठोके आले नाहीत किंवा कमी आले.

चार वायरी, वेगवेगळे आजार

नेहमीच्या चार पिनांच्या पंख्यात काळी वायर ग्राउंडची, पिवळी १२ व्होल्टची, हिरवी ठोक्यांची म्हणजे टॅकोमीटरची, आणि निळी वेगाच्या हुकमाची म्हणजे पीडब्ल्यूएमची असते. ब्रँडेड सर्व्हरमध्ये रंग आणि कनेक्टर वेगळे असू शकतात, पण कामं हीच. पंखा एका फेरीत दोन ठोके देतो. ९००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ९००० फेऱ्यांवर, सेकंदाला १५० फेऱ्या होतात, म्हणजे बीएमसीकडे सेकंदाला ३०० ठोके पोचायला हवेत.

यातली कुठली वायर दगा देते त्यावर लक्षण ठरतं. वीज तुटली तर पंखा थांबतो आणि आकडा शून्य येतो. ठोक्यांची वायर तुटली तर पंखा मजेत फिरत असतो, आकडा मात्र शून्य. हुकमाची वायर तुटली तर बहुतेक पंखे स्वतःहून पूर्ण वेगाने पळायला लागतात, कारण हुकूम मिळाला नाही तर जोरात फिरायचं अशीच त्यांची रचना असते. म्हणजे बाकीचे पंखे निवांत आणि एकच भन्नाट वेगात असेल, तर त्याचा कनेक्टर आधी बघा.

१यू सर्व्हरची उंची जेमतेम ४४ मिलिमीटर, त्यामुळे त्यात ४० मिलिमीटरचे पंखे बसतात. त्यातले बरेच जोडपंखे असतात: एका चौकटीत, एकामागे एक, उलट दिशांना फिरणारी दोन पाती. लॉगमध्ये ‘३ए’ आणि ‘३बी’ असे दोन आकडे दिसले तर ते दोन पंखे नाहीत, एकाच नगाची दोन पाती आहेत. त्यातलं एक गेलं तरी अख्खा नग बदलावा लागतो.

पायरी १: घाईने बंद करू नका, आधी तापमान बघा

बहुतेक सर्व्हरमध्ये एक पंखा गेला तरी भागेल अशी सोय असते. एक थांबला की बीएमसी बाकीच्यांना पळवतो आणि म्हणूनच खोलीत एकदम विमान सुटल्यासारखा आवाज येतो. आवाज करणारे पंखे धडधाकट असतात. गेलेला गप्प असतो. नवीन माणूस हमखास आवाजाच्या मागे जातो आणि चुकीचा पंखा उपसतो.

सीपीयूचं तापमान, मेमरीचं तापमान आणि पुढून आत येणाऱ्या हवेचं, म्हणजे इनलेटचं तापमान, हे तीन आकडे बघा. ते मर्यादेच्या बरेच खाली असतील आणि चढत नसतील तर तुमच्याकडे वेळ आहे. दोन पंखे एकदम गेले असतील, किंवा आकडे दर मिनिटाला चढत असतील, तर लोकांना कळवून सर्व्हर रीतसर बंद करा. स्वतःचा पंखा नसलेलं जीपीयू कार्ड आत असेल, उदाहरणार्थ एनव्हिडियाचं टी४, तर जास्त सावध राहा. ते ७० वॅटचं कार्ड पूर्णपणे सर्व्हरच्या पंख्यांच्या हवेवर जगतं, आणि सीपीयू थंड दिसत असताना ते तापलेलं असू शकतं.

पायरी २: लॉग वाचा, आणि पुसण्याआधी जपून ठेवा

लिनक्सवर आयपीएमआयटूल नावाची आज्ञा असते. तिच्यापुढे ‘एसईएल ईलिस्ट’ लिहिलं की बीएमसीची घटनावही समोर येते (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं). ती आधी एका फाइलमध्ये साठवा. दिवा विझवायला म्हणून लॉग पुसून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची फार वाईट खोड आहे. पुराव्याशिवाय पुढची तपासणी अंदाजपंचे होते.

घटनावहीतली वेळ तपासून घ्या. बीएमसीचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. लॉगमध्ये रात्री ८:४० दिसत असेल तर घटना पहाटे २:१० ची असू शकते, आणि ‘तेव्हा ऑफिसात कोण होतं?’ हा प्रश्नच बदलतो.

मग घटनांचा नमुना बघा. एकदाच तक्रार आणि नंतर कायमचं शून्य: पंखा थांबला किंवा वायर सुटली. रात्रभर ‘खाली गेला, वर आला, खाली गेला, वर आला’ अशा जोड्या: बेअरिंग थकलंय किंवा कनेक्टर ढिला आहे. पंख्याच्या तक्रारीच्या अगदी आधी वीजपुरवठा गेल्याची नोंद: मग सुरुवात विजेपासून करा. कोणीतरी ढाकण उघडल्याची नोंद सापडली, तर कालपरवा रॅम कोणी वाढवली ते विचारा. केबल पात्यात अडकलेली असण्याची शक्यता मोठी.

पायरी ३: शेजाऱ्यांशी तुलना

मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती या पायरीत मिळते आणि त्यासाठी पेचकस हातात धरावाच लागत नाही. ‘आयपीएमआयटूल एसडीआर टाइप फॅन’ ही आज्ञा दिली की साधारण असं काही दिसतं:

फॅन १ | ८४०० आरपीएम | ओके
फॅन २ | ८५२० आरपीएम | ओके
फॅन ३ | ५०४० आरपीएम | ओके
फॅन ४ | ८४०० आरपीएम | ओके

चारही ओके, दिवा हिरवा. पण फॅन ३ बिघडण्याच्या वाटेवर आहे. सगळ्यांना हुकूम सारखाच असताना एकजण इतका मागे पडतो, याचा अर्थ बेअरिंग जड झालंय, धूळ साचली आहे किंवा त्याच्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. ‘ओके’चा अर्थ फक्त इतकाच की आकडा ठरलेल्या किमान रेषेच्या वर आहे, आणि ती रेषा खूप खाली असते. काही सर्व्हरमध्ये मधल्या आणि कडेच्या पंख्यांना वेगवेगळा वेग दिलेला असतो. त्यामुळे चांगल्या दिवशीचे आकडे एकदा लिहून ठेवलेले असले की तुलना सोपी जाते.

तीच आज्ञा दर काही सेकंदांनी चालवून पाच मिनिटं बघत राहा. एकट्या फॅन ३ चा आकडा उड्या मारत असेल तर संशय त्याच्यावर. सगळ्यांचे आकडे एकत्र वरखाली होत असतील तर पंख्याला दोष देऊ नका.

असं एकत्र वरखाली होण्याचं एक ठरलेलं कारण आहे. ऑफिसात आवाज नको म्हणून कोणीतरी सुपरमायक्रोच्या बोर्डाला कमी वेगाचे शांत पंखे लावतं. निवांत असताना हे पंखे जेमतेम ४०० आरपीएमवर फिरतात आणि बोर्डाच्या किमान रेषेखाली जातात. बीएमसीला वाटतं पंखा मेला. तो सगळ्यांना पूर्ण वेगाचा हुकूम देतो. वेग वाढतो, आकडा रेषेच्या वर येतो, बीएमसीचं समाधान होतं, तो वेग उतरवतो, आकडा पुन्हा रेषेखाली. दिवसभर हेच चक्र, आणि लॉग शेकडो ओळींनी भरतो. इथे पंखा ठणठणीत आहे. ‘आयपीएमआयटूल सेन्सर थ्रेश’ ही आज्ञा वापरून त्या पंख्याच्या खालच्या तीन मर्यादा उतरवल्या की प्रश्न मिटतो. मात्र त्या शून्यावर नेऊ नका, नाहीतर पंखा खरंच थांबेल तेव्हा कोणी ओरडणार नाही.

पंख्याची एकही तक्रार नसताना सगळे पूर्ण वेगात असतील तर इतर कारणं शोधा: ढाकण नीट लागलेलं नाही, एखादा तापमान सेन्सर वाचता येत नाही, बीएमसी अडकला आहे, किंवा बीएमसीला अनोळखी असं पीसीआयई कार्ड नुकतंच बसवलंय. काही डेल सर्व्हर दुसऱ्या कंपनीचं कार्ड दिसलं की खबरदारी म्हणून पंखे वाढवतात.

आकड्याऐवजी ‘नो रीडिंग’ येणं आणि शून्य येणं यात फरक आहे. शून्य म्हणजे बीएमसीने मोजलं आणि ठोके आले नाहीत. ‘नो रीडिंग’ म्हणजे मोजताच आलं नाही. दुसऱ्या प्रकारात संशय पंख्यापेक्षा कनेक्टरवर, पंख्यांच्या जोडबोर्डावर किंवा बीएमसीवर जास्त.

आणि एक चकवा. बंद पडलेल्या पंख्यातून बाकीच्यांनी ढकललेली हवा मागून पुढे येते आणि पाती उलटी फिरवते. ठोक्यांत दिशा नसते, त्यामुळे त्या मेलेल्या पंख्याचाही थोडाफार आकडा येऊ शकतो. शेजाऱ्यांचा वेग वाढला की याचाही वाढतो, पण हुकूम मानत नाही म्हणून कायम फार मागे.

विजेचा संशय असेल तर ‘एसडीआर टाइप फॅन’च्या आज्ञेत फॅनच्या जागी व्होल्टेज लिहा. १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या आत असायला हवी.

पायरी ४: कान आणि डोळे

सर्व्हरच्या मागे टिश्यूपेपरची पट्टी धरून हवा कुठून किती येते ते बघा. पॉवर सप्लायच्या जाळीपाशीही धरा. त्याचा पंखा वेगळा असतो आणि तो गेला तर अख्खा पॉवर सप्लाय बदलायचा. तो उघडू नका, वायर काढल्यानंतरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते.

सुरू होताना घरघर आणि दहा मिनिटांनी शांतता: बेअरिंगचं ग्रीस वाळलंय. सतत खरखर: बेअरिंग गेलंच. ठरावीक लयीत टकटक: वायर किंवा केबल-टायचं शेपूट पात्याला लागतंय. बारीक शिट्टी बहुधा हवेच्या वाटेतल्या अडथळ्याची असते. चालू पंख्याला बोट किंवा पेन लावून ‘जरा ढकलून बघू’ हा प्रकार करायचा नाही. ४० मिलिमीटरचे पंखे १५ हजार आरपीएमच्याही वर जातात, बोट फाटतं.

पायरी ५: उघडताना

आतल्या खटक्यांचे रंग बघा. बड्या कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये लालसर किंवा नारिंगी खटका म्हणजे भाग चालू असताना काढता येतो. निळा म्हणजे आधी वीज बंद करा. बंद करायचंच असेल तर दोन्ही पॉवर केबल काढा, कारण नुसतं शटडाउन केल्यावर बोर्डाला स्टँडबाय वीज मिळतच राहते. अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला असू द्या.

चालू असताना काढायचा असेल तर बदली पंखा हातात घेऊनच ढाकण उघडा. पुढून ओढलेली हवा सीपीयूवरच्या हीटसिंकच्या धातूच्या पट्ट्यांमधून जाण्यासाठी ढाकण लागतं. ते उघडं ठेवून पंखे पळवणं म्हणजे भोक पडलेल्या नळीने शहाळं प्यायचा प्रयत्न. काम दोनतीन मिनिटांत उरका. बदली पंखा नसेल तर मेलेला पंखा जागेवरच राहू द्या. तो काढला तर रिकाम्या खणातून मागची गरम हवा पुन्हा पुढे येते आणि उरलेले पंखे तीच गोल फिरवत बसतात.

बाहेर काढलेला पंखा हाताने हळू फिरवा. चुंबकामुळे हलके टप्पे जाणवतात, ते ठीक आहेत. वाळू भरल्यासारखं करकरलं, मधला भाग वरखाली हलला किंवा फिरवल्यावर लगेच थांबला, तर बेअरिंगचा निकाल लागला. खात्री नसेल तर तसाच चांगला पंखा दुसऱ्या हातात घेऊन फिरवा. फरक लगेच कळतो. मग पिना बघा: वाकलेली, आत सरकलेली, काळवंडलेली. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गावांत पिनांवर हिरवट थर सापडला तर नवल नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून बसवा.

पायरी ६: अदलाबदल

संशयित पंखा शेजारच्या खणात आणि शेजारचा संशयिताच्या खणात. दोन्ही एकाच पार्ट नंबरचे हवेत. मग आकडे पुन्हा घ्या.

तक्रार पंख्याबरोबर गेली: पंखा खराब, मागवा. तक्रार त्याच खणात राहिली: पंखा चांगला, दोष कनेक्टरमध्ये, जोडबोर्डावर किंवा मदरबोर्डवर. तक्रार गायबच झाली: काढून बसवण्याने संपर्क सुधारला. हे तिसरं उत्तर सगळ्यात त्रासाचं. तिकीट लगेच बंद करू नका. तारीख लिहून ठेवा आणि आठवडाभर आकड्यांवर नजर ठेवा. ढिला कनेक्टर सर्व्हरच्या कंपनांनी पुन्हा सुटतो.

दोन-तीन पंखे एकाच मिनिटाला ‘मेले’ असतील तर अदलाबदलीत वेळ घालवू नका. इतके पंखे एकत्र मरत नाहीत. त्यांचं काहीतरी सामायिक आहे ते गेलंय, म्हणजे वीज, बोर्ड किंवा बीएमसी. बीएमसीवर संशय असेल तर ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’ने तो पुन्हा सुरू करता येतो. त्याने ऑपरेटिंग सिस्टिम बंद पडत नाही, पण मिनिट-दोन मिनिटं पंखे गर्जतील, तेवढं आजूबाजूच्यांना सांगून ठेवा. फर्मवेअर अपडेट त्यानंतर, आणि बॅकअप घेऊन.

पंखे ठीक, हवाच नाही

सर्व आकडे व्यवस्थित आणि तरी सर्व्हर तापतोय, अशी केस येतेच. आतलं प्लास्टिकचं हवामार्गाचं आवरण रॅम बदलताना बाहेर राहिलेलं असतं. डिस्कच्या रिकाम्या खणांची झाकणं कोणीतरी टाकून दिलेली असतात. मागे केबलचा गुंता एवढा की हवा बाहेर पडत नाही. किंवा सर्व्हर काचेच्या बंद दाराच्या रॅकमध्ये कोंडलेला. वातानुकूलन क्षेत्रातल्या अॅश्रे या संस्थेची शिफारस इनलेटला १८ ते २७ अंश अशी आहे. शुक्रवारी संध्याकाळी वीजबचतीसाठी एसी बंद करून गेलेल्या ऑफिसात, मे महिन्यात, सोमवारी सकाळी इनलेट ३८ दाखवत असेल आणि पंखे किंचाळत असतील, तर ते आपलं काम चोख करताहेत. दोष टायमर लावणाऱ्याचा. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, दुप्पट वेगाला जवळपास आठपट, त्यामुळे एसीवर वाचवलेले पैसे काही प्रमाणात इथे परत जातात.

बदली पंखा घेताना

पार्ट नंबर जुळवा. फक्त ४० बाय ४० आणि १२ व्होल्ट बघून बाजारातून उचललेला पंखा बसेल, कदाचित फिरेलही. पण अँपिअर कमी असेल तर हवा कमी, आणि पिनांचा क्रम वेगळा असेल तर बोर्डाची वाट. चौकटीवरचे बाण बघा: एक पात्याची दिशा सांगतो, दुसरा हवेची. नेटवर्क स्विचमध्ये तर दोन्ही दिशांचे पंखे मिळतात, तिथे चुकणं सोपं आहे.

जुन्या पंख्यात शिवणयंत्राचं तेल घालून चालवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. घरच्या टेबलफॅनला चालेल. सर्व्हरचे पंखे बहुतेक बंदिस्त बॉल बेअरिंगचे असतात. तेल आत पोचत नाही, उलट बाहेर धुळीचा लगदा होतो. धूळ काढायची तर सर्व्हर बंद करून ब्लोअर मारा आणि तेव्हा पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने मोकळा पंखा मर्यादेबाहेर फिरतो, बेअरिंग खातो आणि मोटर उलट वीज तयार करते.

बसवल्यावर

ढाकण लावा, दहा मिनिटं थांबा, आकडे घ्या. नवा पंखा शेजाऱ्यांच्या आसपास यायला हवा. मग स्ट्रेस-एनजीसारखं साधन लावून सीपीयूवर वीसेक मिनिटं भार टाका. हे कामाच्या वेळेत करू नका. सगळे पंखे एकत्र चढले आणि भार काढल्यावर एकत्र उतरले की ठीक. आता जपून ठेवलेल्या फाइलची खात्री करून लॉग पुसा. नव्या पंख्यावर मार्करने तारीख लिहा, जुन्यावर मोठी फुली मारून ई-कचऱ्यात टाका. स्पेअरच्या कपाटात परत ठेवलात तर सहा महिन्यांनी दुसरं कोणीतरी तोच बसवेल.

झॅबिक्स किंवा नागिओस अशी देखरेखीची सॉफ्टवेअर वापरत असाल तर पंख्यांचे आकडे त्यात आणा. इशारा फक्त किमान रेषेवर न लावता शेजाऱ्यांच्या सरासरीशीही जोडा. मी २० टक्क्यांचा फरक तासभर टिकला की मेल येईल असं ठेवतो. बीएमसीचं नेटवर्क पोर्ट मात्र आतल्या वेगळ्या व्हीलॅनवरच (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग), इंटरनेटवर उघडं नाही, आणि कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला.